पंपावरची दोन माणसं

कार्तिक सरत आला की सेलूकडे येणाऱ्या रस्त्यांवरच्या बाभळींना कापूस लागतो. गाड्यांतून ओसंडलेला, काट्यांत अडकून राहिलेला. परवा पाथरीहून बसने येताना तो दिसला आणि मी खिडकीवरून नजर काढून घेतली. शेजारचा शेतकरी खुशीत होता. "यंदा बोंड लय भरलंय, काका," म्हणाला. मी मान हलवली. या हंगामात सगळा मुलूख खुलतो. घराघरांत नवी लुगडी येतात, सोयरिकी ठरतात, बाजाराच्या दिवशी जिलेबीच्या कढईभोवती पाय ठेवायला जागा नसते. मला मात्र या दिवसांत घराबाहेर पडू नये असं वाटतं.

आता कापूस ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येतो. मोंढा बाजाराच्या वळणावर टायरचं दुकान आहे, तिथे विजेवर हवा भरतात. नळी लावली की बसलेलं चाक बघता बघता उठतं, ट्रॅक्टरवाला बिडी तोंडात ठेवून वरच बसलेला असतो. हवेचा तो फुसफुसाट ऐकला की माझी पावलं आपोआप भराभर पडू लागतात. दुकानदाराला वाटतं, म्हातारा घाईत आहे.

मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. मी सेलूच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजनावर होतो. पंचवीसएक वर्षांचा असेन. हंगामाचे चार-पाच महिने कारखाना धडधडत असायचा. इंजनाचे ठोके जमिनीतून तळपायांत यायचे, सुट्टीच्या दिवशी ते थांबले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सरकीचा तेलकट, गोडसर वास कपड्यांत मुरलेला. हवेत रुईचे तंतू इतके की संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होत. तरुण बायका एकमेकींकडे बघून हसत, "म्हातारी झालीस गं!"

शेटजींच्या तीन लाऱ्या होत्या. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून कोळशाच्या गॅसवर चालायच्या. नवा टायर तर दृष्टीला पडत नव्हता. टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा बसवायचा, ट्यूबला ठिगळावर ठिगळ लावायचं आणि पुन्हा जिंतूरच्या नाहीतर पाथरीच्या रस्त्याला लारी सोडायची. खडी उखडलेले रस्ते ते. लारी कापूस घेऊन परत येई तेव्हा एखादं तरी चाक जमिनीला टेकलेलं असे. मग पंप. कमरेइतका उंच, खाली दोन्ही पाय रोवायला पट्टी, वर आडवी मूठ. एका चाकाला चारचारशे वेळा दट्ट्या खाली दाबायचा, आणि चाक टणक होत जाईल तसा दट्ट्याच हातांना उलटा वर ढकलायला लागायचा. शेवटचे पन्नास दाबताना माणूस सगळं अंग मुठीवर टाकायचा.

त्या कामाला दोन माणसं होती. एक खाजाभाई, गावातलाच, आडव्या हाडाचा. दुसरे माझे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आक्काच्या लग्नानंतर मी तिच्याबरोबरच पिंगळीजवळच्या तिच्या वाडीला गेलो. बायकोबरोबर मेव्हणाही घरात आला, याबद्दल दाजींनी कधी कपाळाला आठी घातल्याचं मला आठवत नाही. उंच, किडकिडीत माणूस. बोलणं कमी. हसले तरी ओठ मिटलेले. मोटेचं चाक अडलं, पेरणीचं चाडं बिघडलं की मी तासन् तास त्याच्याशी झटायचो, ते लांबून बघत राहायचे. मी सोळाचा झालो तेव्हा एक दिवस त्यांनी माझं बोचकं उचललं आणि मला पिंगळीच्या स्टेशनवर नेलं. आगगाडीचं तिकीट त्यांनी जन्मात पहिल्यांदा काढलं ते माझ्यासाठी. सेलूला उतरून, विचारत विचारत त्यांनी जिनिंग गाठली आणि इंजनावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीसमोर मला उभं केलं.

"पोराच्या हातात गुण हाय," ते म्हणाले. "आमच्या रानात वाया जाईल. ठिवून घ्या."

एवढंच बोलले आणि दुपारच्या गाडीने परत गेले. निघताना मला म्हणाले, "आक्काची याद आली तर ये. पन काम सोडून येऊ नको."

पुढे त्यांच्या भावाभावांत वाटण्या झाल्या. वाट्याला आलेल्या कोरडवाहू तुकड्यात दोघांना वर्षभराचं काम नव्हतं. तोवर म्हातारा मिस्त्री गेला होता आणि इंजन माझ्याकडे आलं होतं. मी मुनिमाला विचारलं आणि हंगामापुरतं दाजींना पंपावर लावून घेतलं. मला वाटलं, सावलीतलं काम आहे. शपथेवर सांगतो, मला तसंच वाटलं होतं.

कारखान्याच्या भिंतीमागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातल्या एकीत आक्काने चूल मांडली. पौष लागेतो दाजींना धाप लागायला लागली. रुईचे तंतू नाकातोंडात आणि वरून तो दट्ट्या. चाक भरून झालं की ते लारीच्या चाकाला टेकून बसत, तोंड उघडं, छातीचा पिंजरा वरखाली. खाजाभाई त्यांच्या वाटणीचेही पन्नास-शंभर मारून घ्यायचा. "बैठो माणिकराव, बैठो. मैं है ना," म्हणायचा.

एका सकाळी मी भाकरी खायला गेलो. दाजी आधीच कामावर गेले होते. आक्का तव्यावरची भाकरी उलटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नामा, तू एवढ्या यंतरात ऱ्हातोस. त्या पंपाचं काई तरी कर की."

"पंपाचं काय करू?"

"ते मला काय ठावं? यांची छाती भात्यावानी वाजायलीय. रात रात बसून काढायलेत. तुला सांगू नको म्हनलेत." तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. "तुला येतंय. तू कर."

मी दिवसभर इंजनापाशी तेच घोळवत राहिलो, आणि उत्तर माझ्या समोरच उभं होतं. आमचं इंजन हवेवर सुरू व्हायचं. त्याच्या शेजारी लोखंडाची एक जाड टाकी होती. इंजन चालू असताना छोटं दाबयंत्र त्यात हवा कोंबून ठेवी आणि दुसऱ्या सकाळी तीच हवा सोडून इंजनाला पहिला धक्का द्यायचा. जी हवा एवढं धूड हलवते तिला लारीचं चाक ते काय? फक्त ती हवा लारीपर्यंत नेता यायला हवी होती.

जुन्या, लहान इंजनाची तशीच एक टाकी शेडमागे बोरीच्या झाडाखाली गंजत पडली होती. माझ्या छातीइतकी उंच. मुनिमाला विचारून मी ती घेतली. चार बाजारांचे दिवस, म्हणजे सुट्टीचे चार दिवस, मी आणि दाजी तिच्याशी झटत होतो. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे लिहिताना हात जड होतो. थंडीतलं कोवळं ऊन, बोरीखाली पडलेला सडा, दाजी दगडाने गंज घासताहेत आणि मध्येच एखादं बोर तोंडात टाकताहेत. टाकी फुटली तर माणूस जाईल, म्हणून आधी ती पाण्याने काठोकाठ भरली आणि रुईच्या गठाणी दाबायच्या प्रेसच्या पंपाने आतल्या पाण्यावर दाब दिला. दाजींनी विचारलं, "हवाच का न्हाई भरली आदी?" मी सांगितलं, पाणी भरलेली टाकी फुटली तर नुसती चिरते, हवेची फुटली तर उडते. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. टाकी चिरली नाही. मग मोडक्या लारीच्या ट्यूबचा वाल तिच्या बुचात बसवला, वर पितळी तोटी, भंगारातला दाब दाखवणारा काटा आणि पंपाचीच रबरी नळी. सांध्यांना साबणाचा फेस लावून दाजी डोळे बारीक करून बसत. फेसात फुगा आला की बोट दाखवत, "हितं हाय. हितं सुटायलीय." मी पाना आवळी. शेवटच्या दिवशी एकही फुगा आला नाही. गठाणींच्या एका मोडक्या हातगाड्यावर आम्ही ती टाकी आडवी बांधली.

"म्हंजी आता मला दट्ट्या न्हाई मारायचा?" दाजींनी विचारलं.

"न्हाई. तुमी नुसती तोटी फिरवायची."

ते ओठ मिटून हसले.

दुसऱ्या दिवशी इंजन चालू असताना टाकी भरली. काटा चढला. पाथरीची लारी मागचं चाक बसलेलंच घेऊन आली होती. हातगाडा मी आणि खाजाभाईने ढकलत नेला, दाजींनी नळी लावली, मी तोटी उघडली. फुस्स करून हवा सुटली आणि लारीचा मागचा कोपरा वर यायला लागला. दाजींचा तळवा टायरवर होता. टायर टणक होताना त्यांना हाताखाली कळत होतं आणि त्यांचा चेहरा बदलत होता. खाजाभाई ओरडला, "अरे वा रे मिस्त्री! कमाल कर दिए!"

गलका ऐकून शेटजी गादीवरून उठून आले. मागे मुनीम नाही, कोणी नाही, एकटेच. इंजनाचा धडाका चालू होता, म्हणून ते माझ्या कानाशी वाकले.

"एका भरणीत किती चाकं?"

"तीन, शेटजी."

"अन् मिस्त्री, आता पंपावर माणसं किती लागतील?"

मिस्त्री. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे होतो. त्या दिवसापर्यंत मी 'ए नाम्या' होतो.

मी म्हणालो, "एकबी न्हाई लागायचं, शेटजी. मीच भरीन हवा."

त्यांनी मान डोलावली, टाकीवर दोन थापा मारल्या आणि ते गादीकडे गेले.

एवढंच घडलं. यात कोणी कोणावर ओरडलं नाही. खरं तर टाकीचा हातगाडा ढकलायलाच दोन माणसं लागत, हे मला नुकतंच कळलेलं होतं. तो मी स्वतः ढकलत आणला होता. 'दोन लागतील, शेटजी, माझ्या दाजींना काढू नका,' असं म्हणायला मला तेवढाच वेळ लागला असता जेवढा ते दुसरं वाक्य म्हणायला लागला. ते मी नंतर म्हटलं. आंघोळ करताना म्हटलं, इंजनात तेल घालताना म्हटलं, अजून म्हणतो. त्या क्षणी मात्र मला आक्का आठवली नाही, दाजींची छाती आठवली नाही. माझं यंत्र चाललं होतं आणि शेटजींनी ते बघितलं होतं. मला आणखी थोडं मोठं व्हायचं होतं, म्हणून मी तसं बोललो. दाजी माझ्यापासून दोन हातांवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. इंजनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं, अशी मी पुढे कित्येक वर्षं माझी समजूत घालत आलो.

आठवडा संपता संपता मुनिमाने दोघांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, हातगाड्याला लारीवाले हात लावतील.

खाजाभाई इंजनापाशी आला. रागावला नव्हता. दोन्ही हात पुढे धरून तळवे दाखवले. घट्टे पडलेले, कातड्यासारखे. "अच्छी चीज बनाए मिस्त्री तुम. हमारे हातां बच गए. अब ये हातां लेको किधर जाना, वो भी बता देव." मी खाली बघत पाना पुसत राहिलो. तो पुढे जालन्याकडे गेला असं ऐकलं. पुन्हा दिसला नाही.

त्या दिवशी मी शेटजींकडे जायला निघालो होतो. गादीच्या पायरीशी चपला काढल्या, वर चढलो. आत शेटजी कोणाशी तरी बोलत होते. मुनिमाने विचारलं, "काय रे?" 'तूच तर म्हणालास,' हे शेटजींचं उत्तर मला आधीच ऐकू येत होतं. मी म्हणालो, "इंजनाचं ग्रीस संपलंय." मुनिमाने डबा दिला. तो घेऊन मी परत आलो.

दाजी वाडीला गेले. गठाणी उचलण्याचं काम होतं, पण ते त्यांच्या छातीला झेपणारं नव्हतं. आक्का मागे राहिली, हंगाम संपेपर्यंत. ती जिनात कापूस टाकायच्या बायकांत कामाला लागली. मी इंजनापाशी उभा राहिलो की खिडकीतून ती दिसायची, तोंडाला पदर बांधलेली, भुवया पांढऱ्या. मला तिने एका शब्दानेही काही विचारलं नाही. रोज दुपारी माझ्या वाटणीची भाकरी फडक्यात बांधून पाठवत राहिली. मला वाटायचं, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामात मी एक गोष्ट केली. ती कोणालाही सांगितलेली नाही. कारखाना सुरू होताच टाकीचा वाल मी माझ्याच हाताने खराब केला आणि मुनिमाला कळवलं, टाकी गेली, पंपावर माणसं बोलवायला पाहिजेत. मनात होतं, दाजींना निरोप धाडायचा, तोटीवर बसवायचं, आणि मग हळूच टाकी दुरुस्त करायची. शेटजींचा निरोप आला, "हंगामाची घाई आहे. सध्या तूच मार पंप. टाकी लवकर नीट कर."

मी पंप मारायला लागलो. पहिल्या दिवशी सात चाकं. संध्याकाळी हात वर करून टोपी काढता येईना. दुसऱ्या दिवशी तळव्यांना फोड. तिसऱ्या दिवशी ते फुटले. पाचव्या दिवशी पाठीत अशी कळ धरली की मी लारीच्या चाकाला टेकून खाली बसलो, तोंड उघडं टाकून, अगदी दाजी बसायचे तसा. दाजी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते आणि त्यांनी हे चार महिने केलं होतं. सातव्या दिवशी मी टाकीचा वाल बदलला. आठव्या दिवशी पुन्हा तोटी फिरवायला लागलो. वाडीला निरोप पाठवायचा राहूनच गेला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तो राहून गेला नव्हता. मी पाठवला नव्हता.

हळूहळू आजूबाजूच्या कारखान्यांतून लोक टाकी बघायला यायला लागले. परभणीहून आले, मानवतहून आले. मी त्यांना वाल कसा बसवायचा, पाण्याने दाब कसा तपासायचा, सगळं समजावून सांगितलं. जाताना ते मला नमस्कार करत. त्यांच्याकडे पंपावर किती माणसं होती, हे मी कोणालाच विचारलं नाही.

आक्का दर हंगामाला एकटी येत राहिली. दाजींचं विचारलं की म्हणायची, "हाईत. ओसरीला बसून ऱ्हातेत." मी वाडीला जायचं टाळत होतो. कधी इंजनाचं कारण, कधी आणखी कशाचं. मोगलाईच्या शेवटच्या हिवाळ्यात आक्का आली नाही, आणि पौषात निरोप आला की दाजी गेले. दिवस दंगली-लुटालुटीच्या धामधुमीचे होते. रस्त्यांना माणूस दिसत नव्हता, आगगाडीचे डबे रिकामे. तरी मी दहाव्याला पिंगळीला उतरलो आणि रानारानाने वाडी गाठली.

विधी झाले, भाऊबंद आपापल्या घरी गेले. दुपार कलली होती. आक्काने मला ओसरीवर बसवलं, ताट आणून ठेवलं आणि समोर भिंतीला टेकून बसली. कपाळ मोकळं, हात मोकळे. खोकत होती. तिचा खोकला मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आक्का, त्या टाकीपायी—"

तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"मनाला लावून घेऊ नको," ती म्हणाली. "मला समदं ठावं हाय. तुझे दाजी सांगायचे. लय बारी सांगायचे. म्हनायचे, मी तितंच हुतो, चाकाला हात लावून. इंजन चालू हुतं तरी मला सपष्ट ऐकू आलं. शेटजीनं इचारलं, मान्सं किती लागतील, अन् नामा म्हनला, दोन लागतील शेटजी, माझ्या दाजीला काढू नगा. शेटजीच आयकला न्हाई. त्याला तू काय करशील?"

भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता.

"असंच म्हनला हुतास ना रं?" आक्काने विचारलं.

मी म्हणालो, "व्हय आक्का. असंच म्हनलो हुतो."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मी ती खाल्ली.